आजचे चिंतन : आपल्या वाटणीची खतं

आज गाथा उघडली आणि मन तुकोबांच्या कर्जखतांपाशी अडकलं. घरात सावकारी होती. खतांच्या दोन वाटण्या केल्या, कान्होबाची त्याच्या हाती दिली, आपली तेवढी इंद्रायणीत सोडली.

मी मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. त्याचे हप्ते थकले आणि सिबिल स्कोअर उतरला माझाही. ३०० ते ९०० च्या त्या पट्टीवर जामीनदारही मोजला जातो, हे तेव्हा कुठं ठाऊक! (अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून बघत जा.) मला कर्ज नाकारलं गेलं. मयुरेश्वराच्या पायऱ्यांवर तो दिसला की मी मान वळवायचो.

थकबाकी शेवटी मीच भरली. तडजोड केली असती तर ‘सेटल्ड’ असा शेरा राहिला असता. आणि बँकेचे कागद मी कोण बुडवणार? त्याच्याकडून यायचे पैसे मात्र माझ्या वाटणीचे. ते सोडावेत? तुकोबांनी देणेकऱ्यांची लायकी पाहिली नव्हती. मी अजून पाहतोय.

उद्या संकष्टी. तो दर्शनाला येईलच. आधी मी बोलेन. पैशांचं अजून ठरत नाही.