नजाशीने आधी ऐकून घेतले

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये घाना, टांझानिया, इंडोनेशियाहून आलेला तबलिगी म्हणजे रोग पसरविणारा, अशी प्रतिमा अनेक वृत्तवाहिन्यांनी घरोघरी पोहोचविली. अहमदनगर जिल्ह्यात अशा २९ परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदविण्यात आले. २१ ऑगस्ट रोजी आपल्याच शहरातील खंडपीठाने ते रद्द केले. परदेशी पाहुण्यांविरुद्ध वृत्तपत्रे व वाहिन्यांतून मोठा अपप्रचार झाला, असे न्या. नलावडे यांनी निकालपत्रात स्पष्टपणे नोंदविले.

प्रतिमा रंगविणारा दोषी आहेच. परंतु ती स्वीकारणाऱ्याचे काय? सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, आणि तो बातमी आणणाऱ्याला नव्हे, ऐकणाऱ्या श्रद्धावंतांना आहे. अजाणतेपणी एखाद्या समूहावर अन्याय घडू नये, हे कारणही तेथेच सांगितले आहे.

मक्केतील छळाला कंटाळून मुस्लिमांनी हबशाचा आश्रय घेतला, तेव्हा कुरैशांचे दूत नजराणे घेऊन तेथे पोहोचले. निर्वासितांची काळीकुट्ट प्रतिमा त्यांनी दरबारात आधीच उभी केली होती. दरबारी ती मान्य करून बसले. ख्रिस्ती राजा नजाशी मात्र म्हणाला की, या लोकांना बोलावून त्यांचेच म्हणणे ऐकल्याशिवाय मी त्यांना सोपविणार नाही. मग हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) बोलले, आणि नजराणे परत गेले. (आपले शहर १६१० मध्ये खडकी नावाने वसविणारा मलिक अंबरही त्याच हबशाचा, हे मुलांना सांगावे.)

आता आपल्या मोबाइलकडे वळू. जमातीवरील आरोपांनी आपण व्यथित होतो, त्याच महिन्यांत साथीचे खापर चिनी माणसाच्या ताटावर फोडणारे संदेश आपल्याही गटांतून हसत-हसत पुढे जात होते. आफ्रिका म्हणजे भूक, युरोप म्हणजे वृद्धाश्रम, ही चित्रे आपल्याकडेही आहेत. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना पिकवितात, हे मात्र त्या चित्रांत नसते. अन्याय सोसलेल्याला दुसऱ्यावर अन्याय करण्याची सवलत शरीअतने कोठे दिली आहे?

कोणी म्हणेल, बजाजनगरात राहून चीनची शहानिशा कशी करावी? प्रश्न रास्त आहे. परंतु आयतीने प्रत्येक देशाविषयी मत बनविण्याची सक्ती केलेली नाही. पडताळता येत नाही, तेथे संदेश पुढे न पाठविणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणाला चीनला जावे लागत नाही.