हाक खरी कोणी ठरवायची?

नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळचा पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे डोक्यावरून कोसळत असतात आणि आपण आत कोरडे उभे! तिथे उभा असता मला एका विसरलेल्या माणसाची आठवण झाली. हा किल्ला विजापूरकरांचा होता तेव्हा, 1637 साली, रोमने आदिलशाही मुलखासाठी एक बिशप नेमला. मातेउश द काश्त्रू त्याचे नाव. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण कुळातला. म्हणजे निदान कागदावर नळदुर्गची रयतही त्याच्याच पदरात होती.

गंमत अशी, की याच माणसाला गोव्यात धर्मगुरूची दीक्षा नाकारली होती. एतद्देशीयांना वेदीपाशी उभे करायला तिथले वरिष्ठ राजी नव्हते. तो उठला तो थेट रोमला गेला, तिथे शिकला, दीक्षित झाला आणि बिशप होऊन परतला.

देवाने माणसाला मारलेल्या हाकेला कॅथलिक मंडळी ‘पाचारण’ म्हणतात. आता, हाक ऐकायची एकाने आणि ती खरी की खोटी हे ठरवायचे दुसऱ्यांनी, हे योग्य काय? अगदीच अयोग्य म्हणवत नाही. ज्याला त्याला आपली हौस हीच देवाची आज्ञा वाटू लागली तर भोंदूंचे फावेल. पण जिथे हाक आलीच नाही तिथे कुणी ढकलले तर? नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाच्या मुलखात हे समजावून सांगायला नको. नवसापोटी मूल देवाला वाहून वाघ्या-मुरळी करण्याची चाल आपल्याला ठाऊकच आहे. नवस आईबापांचा, आयुष्य मुलाचे! युरोपातही हुंडा वाचवायला मुली मठात धाडीत. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने अशी बळजबरी करणाऱ्याला बहिष्कृत ठरवले.

मला मात्र नाकारलेल्यांचेच अधिक वाटते. वसईचा गोन्सालो गार्सिया जेझुइटांबरोबर जपानात राबला, तिथली भाषा शिकला. तरी त्यांनी त्याला संघात घेतले नाही. तो व्यापारात पडला, आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कनांचा साधा बंधू झाला. धर्मगुरू कधीच नाही. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 26 जणांना क्रुसावर चढवले, त्यांत तो होता. त्या 26 पैकी 17 जण तर तिथलेच प्रापंचिक. 1862 साली ते सारे संतपदाला पोचले.

संस्थेने माणसाची पात्रता जरूर जोखावी. पण तिने नकार दिला म्हणून हाक खोटी ठरत नाही, आणि प्रापंचिकाची सेवा हे काही दीक्षा हुकलेल्यांचे उत्तेजनार्थ बक्षीस नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढले ते 1965 साली; धर्मशिक्षकाला रीतसर सेवापद मिळायला 2021 उजाडले. फारच सावकाश चालले हे!

नागासाकीच्या लोकांना इतके थांबणे परवडणारे नव्हते. ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले, आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे तिथे एकही उरला नाही. शेतकरी आणि कोळीच आपल्या पोरांना बाप्तिस्मा देत, सणांचे दिवस लक्षात ठेवीत, प्रार्थना कानोकानी शिकवीत. मार्च 1865 मध्ये, त्या 26 जणांच्या नावे बांधलेल्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले. फ्रेंच धर्मगुरूजवळ जाऊन एका बाईने हळूच विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? त्याने ती दाखवली. पुढे आणखी काही जण आले, आणि त्यांनी, आपण अविवाहित आहात ना, हेही विचारून घेतले.