शपथेनंतरचा तिसरा दिवस

आमच्या भुदरगड तालुक्यात दारू सोडायची म्हणजे आदमापूरला जायचं. अमावास्येला बाळूमामांच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एखादी बाई नवऱ्याचा दंड धरून उभी असते, मागे सासू, आणि नवरा मुठीत भंडारा घेऊन काहीतरी पुटपुटत असतो. याला भंडारा उचलणं म्हणतात. बांधाच्या भांडणापासून हातउसन्या पैशापर्यंत, जिथं कागद चालत नाही तिथं आमच्याकडे भंडारा चालतो. खोटा उचलला तर वाटोळं होतं, ही समजूत इतकी पक्की की पट्टीचा थापाड्यासुद्धा त्याला हात लावताना दचकतो.

गारगोटीत माझ्या गल्लीतल्या एका गवंड्याने तो तीन वेळा उचलला.

हाताला कसब असलेला माणूस. ओळंबा न लावता भिंत सरळ चढवायचा. पुढे पुढे सकाळी थापी धरताना हात लटलटायला लागला, म्हणून कामावर जायच्या आधीच एक नाइंटी. घरी दोन म्हशी. धारा काढायच्या, वैरण आणायची, डेअरीला दूध घालायचं, सगळं बायकोनं. पण डेअरीच्या पुस्तकावर नाव नवऱ्याचं. दर दहा दिवसांनी बिल निघायचं आणि त्या दिवशी ती आधी डेअरीत पोचायची की तो, यावर घरातले पुढचे दहा दिवस ठरायचे. पोरं सातच्या सुमाराला कानानं बघायची. मोटरसायकलचं स्टँड एका झटक्यात लागलं तर ठीक. दोनदा चुकलं की थोरली दिवा मालवायची आणि धाकट्याला घेऊन झोपेचं सोंग घ्यायची. नववीतल्या पोरीला स्टँडच्या आवाजावरून बापाचा मूड कळावा, हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळतं?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या अंधाराचा आकडा आहे. ज्यांचा नवरा वारंवार पिऊन तर्र होतो, अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी नवऱ्याचा शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसलेला आहे. नवरा पीतच नाही, तिथं हे प्रमाण २३ टक्के. (तेवीस तरी का, हा वेगळा निबंध.)

पैसा, यकृत, अब्रू यांचं काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. मला जास्त भीषण वाटतं ते शब्दाचं होणारं वाटोळं. पहिला भंडारा मोडला तेव्हा बायको रडली. दुसरा मोडला तेव्हा भांडली. तिसऱ्याला ती सोबत गेली, पण डेअरीचं पुस्तक तिनं आधीच माहेरी ठेवलं होतं. नवरा ‘उद्या फी भरतो’ म्हणाला तरी खोटं, ‘पोटात दुखतंय’ म्हणाला तरी खोटं. ज्या घरात एका माणसाचं खरंही कुणाला खरं वाटत नाही, तिथं तो माणूस राहतो खरा, पण भिंतीवरच्या मागच्या वर्षीच्या कॅलेंडरासारखा.

हा शब्द मोडतो कसा, ते मला तिसऱ्या खेपेला कळलं.

शपथेच्या दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम, अंगभर कापरं. गल्ली म्हणाली, विष बाहेर पडतंय. तिसऱ्या रात्री बायकोनं माझी कडी वाजवली. “भावजी, भिंतीतनं मुंग्या निघाल्यात म्हणत्यात. मला तर एकबी दिसंना.” आत तो अंथरुणावरून न दिसणाऱ्या मुंग्या झाडत होता आणि मेलेल्या बापाशी बोलत होता. जमलेल्यांत दोन मतं. एकाचं म्हणणं, शपथ मनापासून घेतली नाही म्हणून देव झाडतोय. दुसरे एक जाणते आबा हळूच म्हणाले, “एक नाइंटी पाजा, गप्प हुईल.”

गंमत अशी की आबांचं निरीक्षण बरोबर होतं. वर्षानुवर्षं रोज दारू पडली की मेंदू सतत ब्रेक दाबलेल्या गाडीसारखा होतो आणि तोल राखायला तो ॲक्सिलरेटर वाढवत नेतो. दारू एकाएकी थांबली की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर तसाच. सहा-आठ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. त्यात जीवही जातो. घोटभर दारूनं हे सगळं तात्पुरतं शमतं. म्हणजे आमच्या गावात ज्या घोटाला बेइमानी म्हणतात, तो पुष्कळदा सुटका शोधणाऱ्या शरीराने घेतलेला असतो. आधीच्या दोन शपथा अशाच तिसऱ्या दिवशी मोडल्या होत्या, हे बायकोला नंतर बोटं मोजताना आठवलं.

त्या रात्री त्याला गाडी करून कोल्हापूरला नेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “शेवटची कधी घेतली?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. का पितोस, कुणासाठी पितोस, लाज नाही वाटत का, हे त्याला हजारदा विचारून झालं होतं. शेवटची कधी, हे कुणी विचारलंच नव्हतं. पुढे काही दिवस मेंदू शांत करणारी औषधं हळूहळू कमी करत नेली, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. उपचार इतका साधा. पण केंद्र सरकारने ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कुठलाही उपचार मिळालेला असतो. उरलेले सदतीस बहुधा शपथेवर असतात. किंवा ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ छाप पुड्यांवर. आमटीत कालवलेल्या अशा पुडीत डायसल्फिरम असलं आणि वरून दारू पडली, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. डॉक्टर तेच औषध देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं.

सरकारचं तिऱ्हाईतपण मात्र बघण्यासारखं आहे. आपल्याकडे दारूविक्रीचे परवाने ज्या कायद्याखाली मिळतात, तो १९४९ सालचा दारूबंदीचाच कायदा. बाकी ऊस आमच्या शिवारातून ट्रॉली भरून जातो, आणि त्याच्या मळीची देशी होऊन क्वार्टरमधून परत येते. या फेऱ्यात मधे सगळ्यांचं भागतं.

शपथ वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. तुळशीची माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिलीत. पण ती बघताना एक ध्यानात आलं: माळकऱ्याचे संध्याकाळचे सात वाजताचे सोबती बदलतात. गुत्त्याच्या वेळेला तो भजनात टाळ घेऊन बसलेला असतो. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ सुरू केलं, त्याचीही मेख हीच. फरक इतकाच की तिथं जन्माची शपथ घालत नाहीत, आजचा दिवस प्यायचं नाही एवढंच ठरवतात. आणि कुणी घसरला तरी दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची तिथंच असते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्येही १९८६ पासून अनिता आणि अनिल अवचटांनी पिणाऱ्याला गुन्हेगार न मानता पेशंट मानलं, आणि बायकोलाही उपचारात ओढलं. जन्माची शपथ एकदा मोडली की सगळाच जन्म मोडल्यासारखा होतो. मग माणूस म्हणतो, आता बुडालोच आहे तर पिऊनच बुडू.

आमचा गवंडी आता कामावर जातो. ओळंबा लावतो, पूर्वीचा हात राहिला नाही. मधे एकदा घसरला, तेव्हा बायको त्याला कुठल्या देवळात न नेता कोल्हापूरच्या एसटीत बसली. डेअरीचं पुस्तक तिच्या नावावर झालंय. स्टँडचा आवाज आला की धाकटा अजून दचकतो.

परवाच्या अमावास्येला दोघं आदमापूरला गेली होती. परत आल्यावर मी त्याच्या कपाळावरचं पिवळं बोट बघून विचारलं, “पुन्हा उचलला काय रे?”

“नाही,” तो म्हणाला. “नुसता लावून घेतला.”