या आजाराचा मालक कोण?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक शिवारांत कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीने हैराण झालेला शेतकरी फवारणीवर फवारणी करत होता. पाठीवर पंप, एका हातात नळी, आणि शेंड्यापर्यंत पोचायचे म्हणून नोझल खांद्याच्या वर धरलेले. तुषार पानांवर बसायच्या आधी फवारणाऱ्याच्या तोंडावर आणि मानेवर यायचा. अंगातला सदरा घामाने आणि औषधाने सारखाच भिजायचा. पंपाचे झाकण सैल असेल तर पाठीवरून धारच लागायची. दुपारपर्यंत डोके जड, मग डोळ्यांपुढे अंधारी, मग उलट्या. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावे लागले. सरकारने मृतांच्या वारसांना दोन-दोन लाखांची मदत जाहीर केली, विशेष तपास पथक नेमले, विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. पुढे बातम्या ओसरल्या.

या सगळ्या गदारोळात एक कायदा मात्र फारसा कुणाच्या तोंडी आला नाही. तो १९२३ सालचा, १ जुलै १९२४ पासून लागू झालेला, कामगार नुकसानभरपाईचा कायदा. कोणकोणत्या कामांना तो लागू होतो त्याची लांबलचक यादी त्याला जोडलेली आहे, आणि शेतात किंवा मळ्यात कीटकनाशके फवारण्याचे काम त्या यादीत स्पष्ट नोंदलेले आहे. तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे. तिच्या पहिल्याच भागात ऑर्गनोफॉस्फरस संयुगांची विषबाधा येते. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस त्याच गटातली. पहिल्या भागातल्या आजारांना अमुक महिने काम केलेले असावे अशी अट नाही. एक दिवसाची फवारणीही पुरते. २००० सालच्या दुरुस्तीनंतर चार दिवसांसाठी बोलावलेला रोजंदार मजूरही या कायद्यातून वगळता येत नाही. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे. रोगांची यादी तिथेही तिसऱ्या अनुसूचीतच आहे.

या कायद्याने किती मिळते, तेही पाहू. चाळीस वर्षांचा मजूर, महिन्याकाठी ६,००० रुपये मिळवणारा, असे धरा. कामामुळे मृत्यू आला तर मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. चाळिशीचा गुणक १८४.१७ आहे. तीन हजार गुणिले १८४.१७ म्हणजे ५,५२,५१० रुपये. महिन्याभरात ही रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना टाळाटाळ केली असेल तर निम्म्यापर्यंत दंड. हे आकडे सरकारी दोन लाखांशेजारी ठेवून पाहा. सरकारी मदत मंत्रिमंडळाच्या मनावर असते. भरपाई मात्र आयुक्तापुढे अर्ज करून मागता येते आणि नाकारली तर अपिलात जाता येते.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे आणि फवारणीतली विषबाधा तिच्यात बसते, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. पण त्या योजनेला सातबारा लागतो. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण, एवढ्यांपुरती ती आहे. रोजाने दुसऱ्याच्या रानात पंप मारणाऱ्या भूमिहीनाच्या नावावर सातबारा कुठून येणार? ज्याच्या अंगावर सर्वात जास्त विष पडते, तोच या कागदाबाहेर राहतो.

मग त्याने भरपाईच्या कायद्याने दावा का लावू नये? कारण दाव्यात समोर मालक लागतो, आणि इथे मालक म्हणजे चार-पाच एकरांचा, सोसायटीचे कर्ज थकलेला शेतकरी. मजुराची विधवा साडेपाच लाखांचा दावा त्याच्यावर लावणार? दोन्ही घरे एकाच गावातली, सुगीला एकमेकांच्या रानात राबणारी. दावा जिंकला तरी वसुली कशातून होणार? शिवाय मजूर आठवड्यात पाच-सहा जणांकडे फवारतो. विष कुणाच्या रानात भिनले, हे तो तरी कसे सांगणार? सिलिकोसिस, बिसिनोसिस यांसारख्या धुळीच्या आजारांसाठी कायद्याने हा पेच सोडवलेला आहे: मालक अनेक असतील तर आयुक्ताला योग्य वाटेल त्या प्रमाणात सगळ्यांनी मिळून भरपाई द्यायची. विषबाधेला मात्र ही सोय नाही. आणि ज्याने ते रसायन बनवले, ज्याने ते गल्ल्यावरून विकले, ज्याने दोन-तीन औषधे एकत्र करून मारायचा सल्ला दिला, ते या कायद्याच्या चौकटीत कुठेच बसत नाहीत. नफा ज्याच्याकडे जातो त्याला जबाबदारी शिवत नाही, आणि जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडते तो स्वतःच बुडालेला. मला या कायद्यातला सर्वात मोठा अन्याय इथे दिसतो.

दुसरी अडचण पुराव्याची. ऑर्गनोफॉस्फरस शरीरात गेले की रक्तातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या विकराचे काम थंडावते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम फुटतो, छाती भरते. अट्रोपिनची इंजेक्शने द्यावी लागतात. रक्त तपासले तर विकर किती घसरले ते आकड्यात कळते, आणि हा आकडा न्यायालयात उभा राहू शकतो. पण तो काही आठवड्यांत पूर्ववत होऊ लागतो. माणूस वाचला तर त्याचा पुरावा त्याच्याच रक्तातून पुसला जातो. २०१७ मध्ये ही तपासणी यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात, जिल्ह्याच्या ठिकाणीही होत नव्हती, हे तेव्हा उघड झाले. कीटकनाशकांचा एवढा खप असलेल्या जिल्ह्यात या तपासणीचे साहित्य नसणे हा हलगर्जीपणा होता, आणि तो अक्षम्य आहे.

तपासणी नसली तरी केसपेपर असतोच. त्यावर काय लिहिले जाते? ‘विषबाधा’ एवढाच शब्द असेल तर विदर्भात पोलिसापासून विमा कंपनीपर्यंत सगळ्यांना त्याचा एकच अर्थ दिसतो: याने औषध प्यायले. त्याच जागी ‘काल आणि आज सकाळी कपाशीवर पंपाने फवारणी, अमुक औषध, दुपारी दोनपासून उलट्या’ एवढी ओळ असेल तर दाव्याचा पाया तयार झाला. बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावले, की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घाला: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षे होत आली, तरी आपल्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांना रकाने असतात; कामाला बहुतेक वेळा नसतो.

हे सांगायचे कारण असे, की कायदा खरे तर मजुराच्या बाजूने झुकलेला आहे. यादीतला आजार आणि यादीतले काम या दोन गोष्टी दाखवल्या की तो आजार कामामुळेच झाला असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर, अशी तरतूद १९२३ च्या कायद्यात आहे. इतकी उदार तरतूद वाचून मी थक्क झालो होतो. पण तिचा दरवाजा उघडायला आजाराचे नाव आणि कामाचे नाव हे दोन कागद लागतात, आणि ते दोन्ही गरिबाच्या हाती पडतच नाहीत.

कारखान्यांत हेच थोड्या वेगळ्या तऱ्हेने चालते. तारापूर, अंबरनाथ, महाड, लोटे-परशुराम या पट्ट्यांत रसायनांच्या टाक्यांजवळची कामे बहुतेक कंत्राटी कामगार करतात. बेंझीन, क्रोमियम, पारा, आर्सेनिक यांचे आजार अनुसूचीच्या दुसऱ्या भागात आहेत आणि त्यांना सलग सहा महिन्यांच्या नोकरीची अट आहे. सहा महिने भरायच्या आत ब्रेक दिला, की अट तुटली असे मालकाच्या वकिलाला म्हणता येते. क्रोमियमच्या वाफेत काम करणाऱ्याच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडते. बहुतेकदा ते दुखत नाही. खपल्या धरतात, अधूनमधून रक्त येते, उष्णतेमुळे घोळणा फुटला असे समजून माणूस कांद्याचा वास घेतो. डॉक्टरने नाकात बॅटरी मारून पाहिले तर निदान मिनिटभराचे आहे. अशा आजाराची सूचना मुख्य कारखाने निरीक्षकाला देणे कारखाने कायद्याच्या ८९ व्या कलमाने डॉक्टरवर बंधनकारक केले. न दिल्यास दंड किती? फार तर एक हजार रुपये. कायदा करणाऱ्यांनीच या कर्तव्याची किंमत किती ठरवली होती ते यावरून दिसते.

त्याहून कठीण गोष्ट कर्करोगाची. रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये फ्रँकफर्टला दाखवले. हा रोग आपल्या अनुसूचीत आहे. पण तो उगवायला पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. आणि कायदा म्हणतो, नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली पाहिजेत. उशिरा आलेला अर्ज सबळ कारण असेल तर दाखल करून घेण्याचा अधिकार आयुक्ताला आहे, पण तोवर कारखाना विकलेला असतो, हजेरीपटाला वाळवी लागलेली असते आणि कंत्राटदाराचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो. दोन वर्षांची ही मुदत रोगाच्या स्वभावाशी ताडून पाहिलीच नसावी असे वाटते.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसले होते. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात २७ जानेवारी १९९५ रोजी न्यायालयाने सांगितले, की आरोग्याचा हक्क हा कामगाराच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा सुटल्यापासून १५ वर्षे, यांतला जो काळ लांबचा असेल तोवर जपली पाहिजे. आणि ॲस्बेस्टॉसिस झाल्याचे ठरले त्याला एक लाख रुपये द्यावेत. चाळीस वर्षे नोंद जपा असे एकीकडे म्हणायचे आणि दोन वर्षांत लक्षणे दाखवा असे दुसरीकडे, हा विरोध आजही तसाच आहे.

कोडाईकनालचा पाऱ्याच्या थर्मामीटरांचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. माजी कामगार २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेले. मार्च २०१६ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली, तीही सानुग्रह रक्कम म्हणून. कारखान्यामुळे त्यांची प्रकृती बिघडली हे कंपनीने कधी मान्य केले नाही. संघटना होती, शहरांतून पाठिंबा होता, कंपनी नावाजलेली होती, तरी पंधरा वर्षे गेली. लोट्यातल्या कंत्राटी हेल्परला यातले काय मिळणार?

उपाय महाराष्ट्राला नवा नाही. एकाच मालकाकडे बांधलेला नसलेल्या हमालाचे काय करायचे, हा प्रश्न आपण १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडवला आहे. काम घेणाऱ्या प्रत्येकाकडून मजुरीवर लेव्ही घ्यायची, ती मंडळात जमा करायची आणि मंडळाने कामगाराचे देणे भागवायचे. राजस्थानने २०१९ च्या धोरणात सिलिकोसिसच्या बाबतीत असेच पाऊल उचलले. वैद्यकीय मंडळाने प्रमाणपत्र दिले की रुग्णाला तीन लाख, मृत्यूनंतर वारसांना दोन लाख. कोणत्या खाणीची धूळ छातीत बसली हे त्याला शाबित करावे लागत नाही. फवारणीसाठीही असाच निधी उभा करावा आणि लेव्ही कीटकनाशकांच्या विक्रीवर, उत्पादकाकडूनच घ्यावी. म्हणजे कर्जबाजारी शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांना न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहावे लागणार नाही. जिथे मालक स्पष्ट आहे तिथे त्याची जबाबदारी तशीच राहावी. निधीच्या आडून कारखानदाराला सुटू देता कामा नये. आणि कर्करोगासाठी दोन वर्षांची मुदत रद्द व्हावी.

हे होईपर्यंत हाती असलेले तर करू. ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: केसपेपरवर रोग्याचे काम लिहा, रसायनाचे नाव लिहा, आणि भरती होताच कोलिनएस्टरेजसाठी रक्त घ्या. कृषी केंद्रातून औषध आणणाऱ्याने पक्के बिल आणि रिकामी बाटली जपून ठेवावी. रोजाने फवारायला जाणाऱ्याने कुणाच्या रानात, कोणत्या तारखेला, काय फवारले ते घरातल्या शाळकरी पोराकडून वहीत लिहून घ्यावे. कंत्राटी कामगाराने गेटपासची झेरॉक्स आणि ईएसआयचा क्रमांक घरी ठेवावा. आणि तुमच्या गावात या खरिपात कुणी फवारताना दगावला असेल, तर त्याच्या घरी जाऊन सांगा, की अर्ज कामगार न्यायालयात करता येतो आणि त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे.