देवाचे घर आणि देवाची लेकरे

देवळावर किती खर्च करावा? वेदीला सोन्याचा मुलामा द्यावा, की तोच पैसा एखाद्या गरीब घराच्या चुलीसाठी द्यावा? कुठल्याही धर्मग्रामात चर्चच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. विचारणारा नेहमी कंजूषच असतो असे नाही, आणि देणारा नेहमी भाविकच असतो असेही नाही.

हा प्रश्न शुभवर्तमानाइतकाच जुना आहे. बेथानी गावात मरियेने मौल्यवान सुगंधी तेल येशूच्या चरणांना लावले, तेव्हा यहूदाने हिशेब मांडला : हे तेल तीनशे दीनारांना विकून गोरगरिबांना का दिले नाही? एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई एका क्षणात ओतली गेली. येशूने मरियेची बाजू घेतली. पण ज्याने ते तेल स्वीकारले, त्यानेच अंतिम न्यायाच्या दाखल्यात सांगितले की उपाशी, उघड्या, तुरुंगातल्या माणसाला जे केले ते मलाच केले. ही दोन्ही वचने एकाच मुखातली आहेत. ती दोन्ही कानात घेऊन ख्रिस्तसभेने हजार-तेराशे वर्षे चित्रे काढली, दगड घडवले, काचा रंगवल्या. त्या इतिहासाकडे पाहिले तर आपल्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

भुयारातला मेंढपाळ

रोमन कलावंतांचा हात विलक्षण सफाईचा होता. संगमरवरातून ते कपाळावरची आठीसुद्धा कोरून काढत. पण ही कला बहुतेक सत्तेच्या सेवेत होती. इ.स. ११३ मध्ये रोममध्ये उभारलेला ट्रेजन बादशहाचा सुमारे तीस मीटर उंचीचा स्तंभ आजही उभा आहे. त्यावर वळणावळणाने युद्धाची कथा कोरली आहे : कूच करणारे सैन्य, जळणारी गावे, हात बांधलेले कैदी. पाहणाऱ्याने मान वर करावी आणि बादशहाचे सामर्थ्य ओळखावे, हा त्याचा हेतू.

त्याच शहराच्या वेशीबाहेर, जमिनीखालच्या दफनभुयारांत ख्रिस्ती माणसांनी आपल्या मृतांच्या कबरींजवळ चित्रे काढली. गिलाव्यावर घाईघाईने मारलेले चार फटकारे. त्यात खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे, माशाच्या पोटातून सुटलेला योना आहे, सिंहांच्या गुहेतला दानिएल आहे, हात पसरून प्रार्थना करणारी स्त्री आहे. मेंढपाळाचे हे रूप रोमन कलेत आधीपासून होते. ख्रिस्ती लोकांनी ते उचलले आणि त्याला नवा अर्थ दिला. सफाई पाहिली तर ही चित्रे स्तंभापुढे काहीच नाहीत. पण स्तंभावर जिंकलेला माणूस दिसतो आणि भुयारात वाचवलेला माणूस दिसतो. कला कोणाकडे पाहते, हा त्यातला खरा फरक आहे.

वेदीवर सोने आले

इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. मोठी मंदिरे हवी झाली, तेव्हा रोमन सभागृहाचा नमुना घेतला गेला. तिथे न्यायाधीश बसत असे, त्या अर्धगोल कोनाड्याकडे वेदी आली. भिंतींवर मोझेक चढले. रोममधील संत पुदेन्झियाना मंदिरात सुमारे इ.स. ४०० च्या मोझेकमध्ये येशू सोनेरी वस्त्रांत सिंहासनावर बसलेला आहे. इ.स. ५४७ मध्ये अभिषेक झालेल्या रावेन्नाच्या संत व्हिताले मंदिरात तर वेदीजवळच्या भिंतींवर सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा लवाजम्यासह उभे आहेत. शरीराचा हुबेहूबपणा मागे पडला. मोठे डोळे, समोर रोखलेली नजर आणि मागे सोन्याचा प्रकाश आला. चित्रकाराला आता डोळ्यांना दिसणाऱ्या जगापलीकडचे दाखवायचे होते. पण मेंढपाळाच्या जागी राजा बसला, हेही खरे.

याच काळात संतांनी तोल सांभाळला. इ.स. ३७८ च्या पराभवानंतर गॉथ लोकांनी अनेकांना कैद करून नेले. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी चर्चची पवित्र पात्रे वितळवून कैद्यांची खंडणी भरली. विरोधकांनी टीका केली. त्यांचे उत्तर असे होते की ख्रिस्तसभेजवळ सोने आहे ते साठवण्यासाठी नाही, गरजवंताला देण्यासाठी आहे. ज्या पात्रांनी माणसे सोडवली, तीच खरी मौल्यवान. कॉन्स्टॅन्टिनोपलचे संत योहान ख्रिसोस्तोम यांनीही बजावले की वेदीवरच्या ख्रिस्ताला रेशीम नेसवून दाराशी थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताला उघडे ठेवू नका.

दुसऱ्या टोकाला मार्सेयचे बिशप सेरेनस होते. लोक मूर्तिपूजा करतील या भीतीने त्यांनी चित्रेच फोडून टाकली. पोप संत ग्रेगरी यांनी इ.स. ६०० च्या सुमारास त्यांना लिहिले की चित्रांची आराधना नको हे बरोबर, पण ती फोडणे चूक. वाचता येणाऱ्याला ग्रंथ जे देतो, ते निरक्षराला चित्र देते. इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याचेही भिंतीवरच्या चित्रावर हक्काचे देणे आहे. सौंदर्य ही केवळ श्रीमंतांची चैन नाही, ते गरिबाचेही अन्न आहे.

दोन मठाधिपती

बाराव्या शतकात हा वाद दोन थोर व्यक्तींच्या रूपाने समोरासमोर आला. इ.स. ११२५ च्या सुमारास संत बर्नार्ड यांनी मठांतल्या थाटमाटावर कोरडे ओढले. भिंती चमकतात आणि गरीब उपाशी राहतात, दगडांना सोने नेसवले आणि लेकरांना उघडे सोडले, असा त्यांचा आक्षेप होता. पैसा पैशाला ओढतो, हेही त्यांनी ओळखले होते. सामान्य भाविकांसाठी बिशपांना सजावट करावी लागते, एवढे त्यांनी मान्य केले. पण सर्वसंगपरित्याग केलेल्या संन्याशांना हे कशाला हवे, असे त्यांनी विचारले.

पॅरिसजवळच्या सां-दनीचे मठाधिपती सुजे यांचे म्हणणे वेगळे होते. जुने मंदिर इतके अपुरे होते की सणाला माणसे चेंगरत. त्यांनी ते वाढवले. इ.स. ११४४ मध्ये अभिषेक झालेल्या नव्या भागात टोकदार कमानींनी छताचा भार पेलला, भिंतींना मोठ्या खिडक्या मिळाल्या आणि रंगीत काचांतून प्रकाश आत ओसंडला. गॉथिक शैलीचा हा उगम. जुन्या करारात बकऱ्यांच्या रक्तासाठी सोन्याची पात्रे होती, मग ख्रिस्ताच्या रक्तासाठी काय कमी करावे, असे सुजे म्हणत. डोळ्यांना दिसणारा प्रकाश मनाला खऱ्या प्रकाशाकडे नेतो, ही त्यांची श्रद्धा होती. पुढे शार्त्रच्या मंदिरातील काचांवर संतांच्या पायाशी पाव भाजणारे आणि जोडे शिवणारेही आपापल्या कामात मग्न दिसू लागले.

सावकाराचे मंदिर

शेवटी पादुआ शहरात जाऊ. एन्रिको स्क्रोवेन्यी या धनिकाने तिथे एक लहान मंदिर बांधले. त्याचा अभिषेक इ.स. १३०५ मध्ये झाला. त्याच्या वडिलांची सावकारी इतकी कुप्रसिद्ध होती की कवी दान्ते याने आपल्या महाकाव्यात त्यांना नरकात बसवले. भिंती रंगवल्या जोत्तो या चित्रकाराने. हजार वर्षांनी माणूस पुन्हा हाडामांसाचा झाला : प्रभूच्या देहावर वाकून रडणारी आई, आकाशात तळमळणारे देवदूत. पण जोत्तोने आणखी काही रंगवले. वेदीच्या कमानीवर यहूदा थैली घेत आहे. नरकात काही जण थैल्यांच्या दोऱ्यांनीच फासावर लटकत आहेत. आणि दयेची मूर्ती पैशाच्या पिशव्या पायदळी तुडवून उभी आहे.

हे मंदिर जगातील कलेचा अमोल ठेवा आहे. पण ज्यांची शेते व्याजात बुडाली, त्यांना त्या निळ्या आकाशाने काय दिले? देणगीने पाप धुतले गेले का, याचा निवाडा देवच करील. आपल्यासाठी मात्र एवढे स्पष्ट आहे की ज्याचे घेतले त्याला परत न करता देवाला वाहिलेले दान अपुरेच राहते.

या इतिहासातून तीन प्रश्न हाती लागतात. हा पैसा कोठून आला? हे सौंदर्य कोणासाठी आहे. दाराशी आलेला सर्वात गरीब माणूस इथे संकोच न करता गुडघे टेकू शकतो का? आणि उद्या माणसे वाचवायची वेळ आली, तर संत अँब्रोजसारखे हे सोने वितळवायची आपली तयारी आहे का? या तिन्ही प्रश्नांना स्वच्छ उत्तर देता येत असेल, तर वेदी खुशाल सजवावी. बेथानीच्या मरियेसारखे ते प्रेमाचे दान आहे. उत्तर देताना जीभ अडखळत असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी आपल्या धर्मग्रामात कोणाची चूल विझली आहे, ते पाहून यावे.