आवाज ओळखीचा, पण बोललं कोण?



फोनवर कुणी नुसतं "हं" म्हटलं तरी आपण विचारतो, "काय गं, बरं नाही का?" नाव सांगावंच लागत नाही. प्रत्येकाचे स्वरतंतू, घसा, तोंडाची नि नाकाची ठेवण वेगळी, बोलायची लकबही वेगळी. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर तीन दिवसांच्या आतली तान्ही बाळंसुद्धा आईचा आवाज निवडून ऐकताना दिसली.

म्हणूनच आपण ठासून म्हणतो, "मी माझ्या कानांनी ऐकलंय!"

मीही म्हटलं होतं. बडोद्याच्या आमच्या जुन्या घरात मधल्या दारापलीकडून माझ्याविषयी वाईटसाईट बोलणं कानावर आलं. आवाज धाकट्या जावेचा. मी विचारलं नाही, बोलणंच बंद केलं. पाच महिन्यांनी तिची बहीण राहायला आली. स्वयंपाकघरातून हाक आली, मी जावेला "ओ" दिली, आणि बाहेर आली ती बहीण! त्या दिवशीही तीच आलेली होती. जाऊ तर बाजारात गेली होती. ती एवढंच म्हणाली, "ताई, एकदा विचारायचं तरी होतं."

अमेरिकेतली एक गोष्ट आहे. वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाचं अपहरण होऊन खून झाला. १९३२ साली खंडणी देताना त्यांनी अंधारात, लांबून, दोनच शब्द ऐकले होते. १९३५ साली कोर्टात त्यांनी सांगितलं, हा त्याच माणसाचा आवाज. इतर पुरावेही होते. आरोपीला मृत्युदंडाची शिक्षा होऊन पुढच्या वर्षी विजेच्या खुर्चीत मृत्यू आला. त्या साक्षीवरून फ्रान्सिस मॅकगी या संशोधक बाईंनी प्रयोग केला. न दिसणाऱ्या अनोळखी माणसाचा आवाज दुसऱ्या दिवशी शंभरात ८३ जणांनी बरोबर ओळखला. पाच महिन्यांनी? फक्त १३ जणांनी.

आता प्रश्न असा, की मी खोटं बोलले का? नाही. मला खरंच तसं ऐकू आलं होतं. मग दोष कुणाचा? पूर्वी वाटायचं, कानांचा. आज वाटतं, माझाच. बहिणी-बहिणींचे आवाज सारखे असतात, कान चुकणारच. पण मनात आधीच अढी होती, म्हणून विचारावंसं वाटलं नाही. प्रामाणिकपणे चुकलं तरी समोरच्यावर अन्याय व्हायचा तो होतोच.

या आठवड्याची साधना छोटीशी: "मी ऐकलंय" म्हणायच्या आधी त्या व्यक्तीला एकदा विचारायचं, तेही सगळ्यांसमोर नाही, एकटीला गाठून.

॥ सर्वांचं कल्याण होवो ॥