यंत्राचे कर्तेपण

यंत्रमानवशास्त्रात यंत्राच्या रूपापेक्षा त्याच्या रचनेला महत्त्व असते. सभोवतालची स्थिती टिपणारे संवेदक, त्या माहितीवरून पुढची हालचाल ठरवणारा नियंत्रक आणि ती घडवून आणणारी मोटार, ब्रेक यांसारखी अंगे एका अखंड चक्रात गुंफली गेली की त्या यंत्राला रोबो म्हणता येते, मग त्याला मानवी चेहरा असो वा नसो. १९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात दाखल झालेला ‘युनिमेट’ हा यांत्रिक हात नेमून दिलेल्या हालचालीच पुन्हापुन्हा करीत असे. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात घडलेला ‘शेकी’ मात्र कॅमेऱ्यातून खोली न्याहाळून आपला मार्ग स्वतः आखू लागला. उद्दिष्ट माणसाने द्यावे आणि तेथवर पोचण्याचे टप्पे यंत्राने ठरवावेत, या व्यवस्थेला स्वायत्तता म्हणतात, आणि तिच्यामुळेच एक जुना दार्शनिक प्रश्न नव्या रूपात समोर येतो: अशा कृतीचा कर्ता कोणाला मानावे?

न्यायदर्शनाच्या मते कर्ता होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: ज्या सामग्रीतून कार्य घडवायचे तिचे ज्ञान, ते घडवण्याची इच्छा म्हणजे चिकीर्षा, आणि त्या इच्छेतून उपजणारा प्रयत्न म्हणजे कृती. कुंभाराच्या ठायी या तिन्ही असतात म्हणून तो घटाचा कर्ता ठरतो. चाक आणि दंड कितीही फिरले तरी ती केवळ कारणे राहतात. हे तिन्ही गुण एकाच आत्म्यात राहतात, ज्याला कळते त्यालाच हवेसे वाटते आणि तोच धडपडतो, हे नैयायिकांनी गृहीत धरले आहे. स्वायत्त यंत्राने धक्का दिला आहे तो नेमका या गृहीताला.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पे शहरी, उबर कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि तीत तिचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे दिसले की यंत्रणेने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच टिपले होते. परंतु तिला कधी वाहन, कधी इतर वस्तू, कधी सायकल असे निरनिराळे ठरवताना दर वेळी आधीच्या हालचालींची नोंद बाजूला पडत गेली, त्यामुळे ती कोठे निघाली आहे याचा अंदाज वेळेत बांधला गेला नाही. ठरावीक जागा सोडून कोणी रस्ता ओलांडील, हे आराखड्यात धरलेलेच नव्हते. मोटारीच्या मूळ उत्पादकाने बसवलेली आपत्कालीन ब्रेक यंत्रणा स्वयंचलित स्थितीत बंद ठेवलेली होती आणि देखरेखीसाठी बसलेल्या चालिकेची नजर मोबाइलवर होती.

येथे ज्ञान, किंवा ज्ञानासारखे जे काही होते ते, संवेदकांपाशी होते. चिकीर्षा चाचणी पुढे रेटणाऱ्या कंपनीची होती. हालचाल यंत्राची होती. आणि रोखण्याची शक्ती, निदान कागदोपत्री, चालिकेच्या हाती होती. यंत्राला आत्मा आहे काय, हा लोकप्रिय प्रश्न कर्तेपणाच्या या विभागणीपुढे गौण वाटतो.

सांख्यदर्शनाला मात्र या प्रसंगात फारसे नवल वाटणार नाही. त्याच्या मते निश्चय करणारी बुद्धीसुद्धा जड प्रकृतीचाच परिणाम आहे आणि चेतन पुरुष केवळ साक्षी व भोक्ता आहे. तेव्हा जड यंत्राने निर्णय घेतल्याने काही मोडत नाही. मात्र ही सोय महागात पडते. कर्ती प्रकृती आणि भोक्ता पुरुष अशी फारकत केली, तर करणाऱ्याचे फळ बुडते आणि न करणाऱ्याच्या माथी फळ येते, असा आक्षेप विरोधी दर्शनांनी सांख्यांवर घेतला आहे. या दोषांना अनुक्रमे कृतनाश आणि अकृताभ्यागम म्हणतात. टेम्पेच्या प्रकरणात हा आक्षेप न्यायालयापर्यंत पोचलेला दिसतो. कंपनीवर फौजदारी दायित्वाला आधार नसल्याचे सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये जाहीर केले. चालिकेने २०२३ मध्ये दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीखालील परिवीक्षा मिळाली. ती निर्दोष नव्हती, त्यामुळे तिच्या बाबतीत अकृताभ्यागम पूर्णपणे लागू होत नाही. परंतु ब्रेक बंद ठेवण्याचा निर्णय तिचा नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांच्यापैकी कोणावरही खटला उभा राहिला नाही, एवढ्या अंशी कृतनाश झालाच.